पावसाच्या गावात गोड चेरी: अर्जापासून पहिल्या बादलीभर फळांपर्यंत

ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनच्या पट्ट्यात, घरामागच्या अंगणात गोड चेरीचं एक झाड आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये सोसायटीकडे त्याचा अर्ज केला आणि जुलै 2024 मध्ये पहिल्यांदा ओंजळीऐवजी बादलीने फळं उतरवली. मधल्या पावणेसहा वर्षांत काय केलं, काय चुकलं, किती पैसे गेले ते तारखांसकट लिहून ठेवतो. याच हवामानात चेरी लावायची असेल त्यांना निदान आमच्या चुका पुन्हा करायला नकोत.

आधी मूळ अडचण. चेरीला थंडी हवी आणि पाऊस नको. थंडीचा हिशेब तासांत करतात: हिवाळ्यात 7 अंश सेल्सिअसच्या खाली साधारण 700 ते 1200 तास गेले, की झाडाची झोप पुरी होऊन डोळे, म्हणजे पानाफुलांच्या कळ्या, नीट फुटतात. पोर्टलंडमध्ये ते तास सहज भरतात, पण त्याच महिन्यांत पाऊसही कोसळतो. वर्षाला सुमारे 36 इंच, आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मे. इथून पूर्वेला 80 मैलांवर, कॅस्केड डोंगररांगेच्या पलीकडे द डॅल्स गाव आहे. तिथे पाऊस 14 इंचांच्या आसपास, आणि चेरीच्या व्यापारी बागा तिथेच आहेत. अलीकडच्या बाजूला ओली मुळं, ओल्या जखमा, ओली फुलं आणि ओली फळं अशा चार ठिकाणी झाड अडखळतं. पुढे जे काही केलं ते या चार जागा कोरड्या ठेवण्यासाठी.

महाराष्ट्रातून नेहमी विचारलं जातं, की महाबळेश्वरला होईल का? नाही. तिथे पारा 7 अंशांखाली जातो तो काही रात्री, काही तास. इथे गरज हजाराच्या घरातली आहे. पावसाबद्दल तर बोलायलाच नको. कोकणातल्या रोपवाटिकांत चेरी म्हणून मिळतं ते बहुधा वेस्ट इंडियन चेरीचं झुडूप असतं, आणि केकवरची लालभडक चेरी पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. दोन्ही आपापल्या जागी चांगलीच आहेत, पण या झाडाशी त्यांचं नातं नाही.

ऑक्टोबर 2018. सोसायटीच्या नियमाप्रमाणे आठ फुटांहून उंच होणाऱ्या झाडासाठी अर्ज लागतो. दोन पानी फॉर्म, हाताने काढलेला अंगणाचा नकाशा, कुंपणापासूनचं अंतर, पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची आणि घेर, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या. फी नाही, निर्णयाला 30 दिवस. पहिला अर्ज अठराव्या दिवशी परत आला, कारण उंचीच्या रकान्यात 30 फूट लिहिलं होतं. चूक आमचीच. चेरीची उंची जातीवरून नाही, खुंटावरून ठरते, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्यावरून.

कलमी आंबा लावणाऱ्याला खुंट वेगळा सांगायला नको. चेरीचा जुना खुंट म्हणजे मॅझार्ड, जंगली गोड चेरीचा. त्यावरचं झाड 30 फुटांच्या वर जातं आणि शिडीवरूनही शेंडा हाताला लागत नाही. घरच्या अंगणाला गिसेला 5 बरा. जर्मनीतल्या गीसेन गावच्या विद्यापीठात तयार झालेला हा ठेंगणा खुंट. त्यावरचं झाड छाटत राहिलं तर 10 ते 12 फुटांत थांबतं आणि तिसऱ्या वर्षी फळ धरू लागतं. मॅझार्डवर त्याला सहा-सात वर्षं लागू शकतात. गिसेलाची खोड म्हणजे तो फळं फार धरतो. पानं कमी, फळं जास्त, म्हणून फळ बारीक राहतं. शिवाय त्याला हलकी, उपाशी जमीन आणि पाण्याची ओढ सोसत नाही. दुसऱ्या अर्जात खुंटाचं नाव, 12 फूट उंची आणि रोपवाटिकेच्या माहितीपत्रकाचं पान जोडलं. मंजुरी 27 नोव्हेंबरला आली.

जात ठरवताना दोन प्रश्न होते. पहिला परागाचा. बहुतेक गोड चेरी स्वतःच्या परागाने फळत नाहीत, आणि काही जाती एकमेकींनाही चालत नाहीत. बिंग, लॅम्बर्ट आणि रॉयल ॲन या तिघी एकाच गटातल्या, त्यामुळे तिन्ही शेजारी लावल्या तरी एकमेकींच्या परागाने फळ धरणार नाही. दुकानात त्या शेजारीशेजारीच ठेवलेल्या असतात, आणि जोडी म्हणून बिंग-लॅम्बर्ट घेऊन जाणारे फुलं बघत बसतात. बिंग मुळात इथलीच. पोर्टलंडला लागून असलेल्या मिलवॉकी गावात सेठ लुएलिंग यांच्या बागेत 1875 च्या सुमारास ती निघाली, आणि त्यांच्या आह बिंग या चिनी मुकादमाचं नाव तिला मिळालं. पुढे हा मुकादम मायदेशी गेला तो 1882 च्या चिनीबंदी कायद्यामुळे परतू शकला नाही, असं सांगतात. एवढा इतिहास असूनही एका झाडाच्या अंगणाला बिंग उपयोगाची नाही, आणि पावसात ती तडकतेही फार.

दुसरा प्रश्न काढणीच्या महिन्याचा. इथला पाऊस जूनभर अधूनमधून येतच राहतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या अर्थाने थांबतो. जूनमध्ये पिकणारी जात त्यात सापडते. म्हणून जुलैच्या मध्याला पिकणारी लॅपिन्स घेतली. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या समरलँड संशोधन केंद्राची ही जात व्हॅन आणि स्टेला यांच्या संकरातून आली, आणि स्वतःच्या परागाने फळते. तिचा दोष मात्र लावून झाल्यावर कळला: जिवाणूमुळे खोडाला पडणाऱ्या चट्ट्यांच्या रोगाला, इथे ज्याला कँकर म्हणतात, ती चटकन बळी पडते. रेनियर ही दुसरी जात त्याला जास्त तोंड देते, पण तिला जोडीदार लागतो. अंगणात दोन झाडांची जागा असेल तर हा हिशेब आधी करा.

रोपाची मागणी 1 डिसेंबरला नोंदवली. रोप 48 डॉलर, पाठवणी 23. उघड्या मुळांची रोपं पानगळीनंतरच उपटतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये पाठवतात, त्यामुळे अडीच महिने वाट. लेबलवर विषाणूची तपासणी झाल्याची नोंद बघून घ्या. चेरीच्या विषाणूंना औषध नाही, झाड काढूनच टाकावं लागतं.

ते अडीच महिने जमिनीसाठी होते. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणला, पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला. दुसऱ्यांदा पाणी तासाला निदान एक इंच उतरायला हवं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी चार इंच पाणी तसंच होतं. आमचा पट्टा ज्यात येतो त्या विलामेट खोऱ्यातली चिकणमाती! अशा जमिनीत मोठा खड्डा खणून त्यात खत आणि भुसभुशीत माती भरणं ही सगळ्यात महाग चूक. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, आणि खड्डा बिनभोकाच्या मडक्यासारखा भरून राहतो. चेरीची मुळं अशा पाण्यात गुदमरतात आणि वसंतात झाड पालवून मेच्या अखेरीस अचानक वाळतं. वाळू मिसळूनही सुधारत नाही, चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे जवळजवळ वीटच. उपाय एकच, वर चढायचं. अर्धा क्युबिक यार्ड साधी बागेची माती आणली, 35 डॉलर, आणि पाच फूट व्यासाचा, मधे पंधरा इंच उंच असा उतरता ओटा केला. तळाची जमीन आधी काट्याने फूटभर खोल सैल केली, म्हणजे दोन मातींच्या मधे पापुद्रा राहत नाही.

माती तपासणीचे 40 डॉलर वाचवू नका. आमचा सामू, म्हणजे मातीचा पीएच, 5.6 निघाला. चेरीला 6 ते 7 लागतो. 100 चौरस फुटांना 5 पौंड या हिशेबाने शेतीचा चुना डिसेंबरमध्येच मिसळला, 9 डॉलर. चुन्याला काम करायला महिने लागतात, लावणीच्या दिवशी टाकून उपयोग नाही.

खणण्यापूर्वी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ आखून देणाऱ्या सेवेला, कळवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, स्वतःच्या अंगणात कुदळ मारायची असली तरी. सेवा फुकट आहे. संकेतस्थळावर अर्ज भरायचा, खणायची जागा पांढऱ्या रंगाने आखायची आणि कामाचे पूर्ण दोन दिवस थांबायचं. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. मग वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन झेंड्या रोवतात: वीज लाल, गॅस पिवळा, पिण्याचं पाणी निळं, फोन-इंटरनेट केशरी, सांडपाणी हिरवं. आमची पिवळी रेघ ओट्याच्या कडेवरून गेली. ओटा तीन फूट सरकवला, आणि जागा बदलली म्हणून सोसायटीला सुधारित नकाशा पाठवला. त्याच्या उत्तराला आणखी नऊ दिवस. ओटा रचण्याआधी 811 ला कळवलं असतं तर सगळी माती दोनदा उपसावी लागली नसती.

23 फेब्रुवारी 2019 ला लावणी. मुळं दोन तास बादलीत भिजवली. रात्रभर नको, चेरीच्या मुळांना ते मानवत नाही. मोडलेली मुळं स्वच्छ कापली. कलमाचा जोड मातीच्या चार इंच वर राहील असं रोप धरलं. जोड गाडला गेला तर वरच्या कलमालाच मुळं फुटू शकतात, मग ठेंगणा खुंट घेऊन काय उपयोग? आणि ओली माती सालीला टेकून राहते ते वेगळंच. खड्ड्यात खत नाही. दोन बादल्या पाणी, पायाने हलकं दाबणं, दोन बाजूंना दोन खुंट्या आणि मधे सैल पट्टी. खोडाभोवती अठरा इंच उंच बारीक तारेची जाळी, कारण हिवाळ्यात शेतउंदीर साल कुरतडतात. त्यांनी खोडाभोवती पूर्ण कडं कुरतडलं की झाड संपलं. जाळी आणि खुंट्या मिळून 28 डॉलर.

खोडाला पांढरा रंगही दिला. गावाकडे झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे असतात, तसाच. इथे भिंतीचा आतला पाण्याचा रंग निम्म्यास निम्मं पाणी घालून लावतात. थंडीत दुपारचं ऊन नैर्ऋत्येकडून खोडावर पडतं, साल तापते, सूर्य मावळताच गोठते आणि उभी फुटते. त्या चिरेतूनच कँकर आत जातो.

शेंडा लावणीच्याच दिवशी कापा असं बहुतेक पुस्तकांत असतं. पण फेब्रुवारीत इथे पाऊस असतो, आणि कँकरचा जिवाणू थंड, ओल्या हवेत ताज्या जखमेतून शिरतो. तांब्याच्या फवारणीवर विसंबू नये, इथल्या जिवाणूंत तांब्याला दाद न देणारे पुष्कळ आहेत. आम्ही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चार कोरडे दिवस दिसल्यावर 32 इंचांवर शेंडा छाटला. कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसून.

मे 2019. छाटलेल्या शेंड्याखाली चार कोंब फुटले. तीन-चार इंचांचे असताना प्रत्येकाच्या वर खोडाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा, म्हणजे कोंब आडवा होऊन 60 अंशांच्या आसपास कोन धरतो. कोंब लाकडी झाला की ही संधी गेली. चेरीच्या फांद्या स्वभावाने सरळ वर जातात आणि अरुंद बेचक्यात साल आत दाबली जाते, म्हणजे लाकडाला लाकूड जुळतच नाही. तीन कोंबांना चिमटे लागले. पश्चिमेकडचा चौथा कोंब उशिरा फुटला आणि राहून गेला. ती फांदी खोडाला चिकटून वर गेली. त्या वेळी फार काही वाटलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला आठ गॅलन पाणी, ठिबकने. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ नसतोच. तुषारसिंचन खोडावर आणि पानांवर उडता कामा नये. सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी कमी केलं, म्हणजे थंडीआधी लाकूड पिकतं.

2020 मध्ये सांगण्यासारखा फक्त काळा मावा. मेमध्ये शेंड्याची पानं चुरगळून मुठी वळल्या, आत काळे चिकट किडे आणि खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि बदल्यात राखण करतात. पाण्याचा जोराचा फवारा, खोडाला चिकट पट्टी आणि पुढच्या फेब्रुवारीत पालवी फुटण्याआधी बागेच्या तेलाची एक फवारणी, 14 डॉलर. पट्टी थेट सालीवर नको, खाली कागद गुंडाळा.

2021 ने सगळी परीक्षा एकाच वर्षात घेतली. 12 फेब्रुवारीपासून तीन दिवस विलामेट खोऱ्यात गोठणारा पाऊस पडला. प्रत्येक काडीवर काचेसारखं बर्फाचं आवरण चढलं. आडव्या कोनाच्या तिन्ही फांद्या वाकल्या आणि बर्फ वितळल्यावर सावरल्या. चौथी, चिमट्याविना राहिलेली, बेचक्यातून खाली चिरत आली आणि खोडाची सहा इंच साल घेऊन गेली. आता पेच असा, की ओल्या फेब्रुवारीत कापलं तर नवी जखम आणि न कापलं तर फाटकी जखम. लोंबणारा भाग बेचक्यापासून फूटभर खुंट, इथे म्हणजे फांदीचा उरलेला तुकडा, ठेवून कापला. खुंट मुद्दाम ठेवायचा. रोग आलाच तर तो खुंटावर येतो, आणि कोरड्या हवेत खोडापर्यंत पोचायच्या आत खुंट काढता येतो. जखमेला रंग, डांबर, मलम काही लावलं नाही. त्याखाली ओल धरून राहते.

एप्रिलमध्ये खुंटाच्या बुडाशी आणि खोडाच्या फाटक्या कडेला मधाच्या रंगाचा डिंक आला. चेरी कशानेही डिंक सोडते, त्यामुळे एवढ्यावरून घाबरायचं नाही. चाकूच्या टोकाने साल हलकेच खरवडून पाहायची. खाली हिरवं-पांढरं असेल तर झाड नुसतं रुसलंय. खाली तपकिरी आणि वास आंबूस असेल तर कँकर. आमच्याकडे तपकिरी होतं, आणि आंबूसही. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या, शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विस्तार केंद्राला फोटो पाठवले. सेवा मोफत, उत्तर चौथ्या दिवशी. कोरडा ऑगस्ट येईपर्यंत हात लावू नका, आणि मग निरोगी लाकडापर्यंत मागे जा, असा सल्ला मिळाला. चार महिने नुसतं पाहत राहणं सोपं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात झाडावर पहिली फळं होती, साठेक. 28 जूनला पोर्टलंडचा पारा 116 फॅरनहाइट, म्हणजे 46.7 अंश सेल्सिअसवर गेला. इथल्या नोंदींमधला हा उच्चांक. आदल्या संध्याकाळी ओट्याला भरपूर पाणी दिलं, नैर्ऋत्य बाजूला जुनी चादर बांधली. चादरीबाहेरची फळं देठावरच शिजून सुरकुतली आणि पानांच्या कडा करपल्या. चादरीमागची अठरा फळं जुलैच्या मध्याला खाल्ली.

9 ऑगस्टला, दहा दिवस कोरडे गेलेले आणि पुढचे कोरडे असल्याचा अंदाज पाहून, खुंट आणि खोडावरची रोगट साल काढली. प्रत्येक कापानंतर हत्यार अल्कोहोलने पुसलं. जखमेच्या कडांना वर्षभरात नवी साल आली, पण खोडाची ती बाजू अजून सपाट आहे.

2022. फुलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उमलली आणि 11 एप्रिलला त्यांच्यावर बर्फ पडला. पोर्टलंडमध्ये एप्रिलमध्ये मोजता येईल एवढं बर्फ पडल्याची नोंद त्याआधी नव्हती. फुलोऱ्यात असताना उणे 2 अंशांच्या आसपास फुलं मरायला सुरुवात होते आणि उणे 4 ला जवळजवळ सगळी जातात. त्या दिवशी पारा शून्याच्या आसपासच राहिला, म्हणजे थंडीने फुलं गेली नाहीत. पंधरा दिवस गारठा आणि पाऊस असल्याने मधमाश्याच बाहेर पडल्या नाहीत. स्वतःच्या परागाने फळणाऱ्या जातीलाही पराग इकडून तिकडे न्यायला माशी लागते. एकेचाळीस फळं धरली. फुलांचा मधला स्त्रीकेसर काळा पडलेला दिसला तर थंडीने गेलं, हिरवा असूनही फळ धरलं नाही तर परागाअभावी. दोन-चार फुलं नखाने फोडून पाहिली की निदान होतं.

2023 मध्ये फळं भरपूर होती, आणि त्या वर्षीची चूक सर्वांत टाळता येण्याजोगी. चेरीची फळमाशी वर्षातून एकदाच जन्मते. मेच्या उत्तरार्धापासून जमिनीतल्या कोषांतून बाहेर येते, आठ-दहा दिवसांनी अंडी घालण्याजोगी होते आणि फळ हिरव्याचं पिवळट, वाळल्या गवताच्या रंगाचं झालं की सालीखाली अंडं घालते. आत पांढरी अळी फळ खाते, भोक पाडून जमिनीवर पडते आणि वरच्या काही इंचांत कोष करते. आम्ही स्पिनोसॅड या कीटकनाशकाची पहिली फवारणी फळं लाल झाल्यावर केली. तोवर अंडी आत गेली होती, तिथे औषध पोचत नाही. सुरुवात पिवळट रंगाच्या दिवसापासून करायची. पुढे दर सात ते दहा दिवसांनी, मधमाश्या घरी गेल्यावर संध्याकाळी, आणि बाटलीवर लिहिलेल्या कमाल फवारण्यांच्या आत. आमच्या बाटलीवर काढणीआधी सात दिवस थांबा असं होतं. बाटली 24 डॉलर.

वरून फळ सुरेख दिसतं, म्हणून तपासणी अशी: एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ, त्यात मूठभर फळं हलकी दाबून अर्धा तास. अळ्या असतील तर बाहेर येऊन तरंगतात. आमच्या पहिल्या मुठीत अकरा फळांतून सात अळ्या आल्या. सगळी फळं, झाडावरची आणि खाली पडलेली, काढून दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात. खतखड्ड्यात टाकली असती तर पुढच्या वर्षीची पैदास घरातच वाढवल्यासारखं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात तर फळबागांच्या किडी आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी कायद्यानेच जमीनमालकावर आहे, अंगणात एकच झाड असलं तरी. मागे सोडलेलं एक झाड शेजारच्या शंभर एकरांना माश्या पुरवू शकतं.

त्याच वर्षी पक्ष्यांसाठी 32 डॉलरची मोठ्या भोकांची जाळी घेतली होती. रॉबिन तिच्यात अडकले. हे पक्षी 1918 च्या स्थलांतरित पक्षी करारकायद्याने संरक्षित आहेत, आणि कायदा नसता तरी पाय गुंतलेला पक्षी रोज सकाळी सोडवत बसणं नकोसंच. ती जाळी टाकून दिली.

2024 ला 13 जानेवारीपासून पुन्हा गोठवणारं वादळ आलं. या वेळी एकही फांदी गेली नाही. एप्रिलचा फुलोरा कोरड्या हवेत पार पडला. 18 मेला, फळं हिरवी असतानाच, एक मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी संपूर्ण झाडावर चढवली, 78 डॉलर. फुलोरा संपायच्या आत चढवली तर माश्यांऐवजी मधमाश्याच अडतील. ही जाळी तीन कामं एकदम करते: पक्षी, फळमाशी, आणि 2009 पासून ओरेगनमध्ये ठाण मांडलेली, पिकल्या फळात अंडी घालणारी ठिपकेदार पंखांची छोटी माशी.

पण जाळी जमिनीपर्यंत सोडून कडा मातीत गाडल्या तर घात होतो. मागच्या वर्षीचे कोष झाडाखालच्या मातीतच आहेत. ते फुटले की माश्या जाळीच्या आत जन्मतील आणि त्यांना बाहेर जायची वाटही राहणार नाही. म्हणून जाळीचं तोंड सर्वांत खालच्या फांदीखाली खोडालाच गुंडाळून बांधायचं, मधे कापडाची चिंधी. खबरदारी म्हणून पिवळट रंगावर स्पिनोसॅडची एक फवारणी जाळीवरूनच केली.

गिसेलाची फळं फार धरण्याची खोड आठवून मेमध्येच प्रत्येक गुच्छातली काही फळं खुडली. एका फळामागे पाच पानं हवीत असा ढोबळ हिशेब आहे. खुडताना जीवावर येतं.

जूनमध्ये दोनदा पाऊस आला. पिकत आलेलं फळ सालीतून आणि देठाजवळच्या खळग्यातून पाणी ओढतं, आतला गर फुगतो आणि साल तडकते. वॉशिंग्टनच्या बागांत यासाठी झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवतात. आमच्याकडे पाचोळा उडवायचं यंत्र होतं. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटं फांद्यांवर हवा मारली. फळं तोवर अर्धीकच्ची असल्याने डझनभरच तडकली. तडकलेली फळं लगेच काढायची, करड्या बुरशीची सुरुवात तिथून होते आणि ती गुच्छभर पसरते.

काढणी तीन खेपांत, 6, 10 आणि 14 जुलैला. त्या आठवड्यात पारा 100 फॅरनहाइटच्या वर होता, म्हणून पहाटे साडेपाचला. चेरी तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे रंगावर न जाता खाऊन पाहायचं. लॅपिन्स लाल दिसल्यावर आणखी आठवडाभर थांबवावी, गडद झाली की गोडी येते. देठ धरून वर मुरडायचं. ओढलं तर ज्या आखूड गाठाळ काडीवर फळ आलं तीच तुटते, आणि पुढच्या वर्षीची फळं तिच्यावरच यायची असतात. धुवायची खायच्या वेळी. देठासकट, न धुता, शीतकपाटाच्या सर्वांत थंड कप्प्यात ती दहा-बारा दिवस टिकली. मिठाच्या पाण्यात तीन मुठी तपासल्या, अळी नाही.

वजन भरलं 19 पौंड. सहा वर्षांचा खर्च, पाणी सोडून, 330 डॉलरच्या आसपास. मोसमात दुकानात चेरी तीन-चार डॉलर पौंड असते. पैसे वाचवायला हे झाड लावू नये.

जाळी 20 जुलैला काढून, झटकून, वाळवून ठेवली. झाडावर राहिलेली सुकी फळं एकेक करून काढली, कारण बुरशी त्यांच्यात हिवाळा काढते. आता ऑगस्टची छाटणी बाकी आहे. आत वळलेल्या दोन फांद्या आणि 12 फुटांच्या वर गेलेला शेंडा. अल्कोहोलची बाटली आणि कात्री काढून ठेवली आहे. पुढचे दहा दिवस कोरडे असल्याचा अंदाज दिसला की हात घालायचा.